कर्जदार देशांचा सातबारा: जागतिक बँकेच्या कर्ज-डेटाबेसचे परीक्षण

जागतिक बँकेचा 'इंटरनॅशनल डेट स्टॅटिस्टिक्स' हा डेटाबेस उघडला की चार गोष्टी निवडाव्या लागतात: कर्जदार देश, समोरचा पक्ष म्हणजे धनको, कर्जाचा प्रकार आणि वर्ष. या चार ठिकाणी खुणा केल्या की कोणत्या देशावर कोणाचे किती देणे आहे याचा तक्ता तयार होतो आणि तो एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. माझी सारी नोकरी सहकारी बँकेच्या वसुली विभागात गेली असल्यामुळे असेल, पण हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना आठवला, जिथे सोसायटीचा आणि बँकेचा बोजा नोंदवलेला असतो. बोजा कोणाचा आणि किती, एवढे त्या कागदावर कळते. तो कशापायी चढला आणि उतरला असेल तर पैसे भरून उतरला की सूट मिळून, हे विचारायला गावातच जावे लागते.

विकसनशील देशांनी श्रीमंत सरकारांना देणे असलेली कर्जे आणि त्यांना वेळोवेळी मिळालेली सूट या विषयावर मराठीत जे लेखन होते, त्यातले आकडे बहुधा इंग्रजी बातम्यांतून उचललेले असतात. ते मुळातून तपासता येतात का, हे पाहण्यासाठी मी काही महिने हा डेटाबेस नियमित वापरला. ज्या प्रकरणांची हकीकत मला आधीपासून बऱ्यापैकी माहीत होती, तीच मुद्दाम त्यात शोधली, कारण नवे साधन जुन्या, चोख हिशोबावर घासून पाहावे अशी आमच्या विभागात शिस्त होती.

या आकडेवारीचा पाया १९५१ साली घातला गेला. जागतिक बँकेकडून कर्ज घेणाऱ्या देशाने आपल्या एकूण परकीय कर्जाचा हिशोब बँकेला कळवावा, अशी व्यवस्था तेव्हा सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. प्रत्येक देश आपल्या सरकारी आणि सरकारी हमी असलेल्या कर्जांची माहिती कर्जनिहाय पाठवतो. एका नमुन्यात नव्या कर्जाच्या अटी असतात, तर दुसऱ्यात वर्षभरातील उचल, परतफेड आणि शिल्लक. या कागदांवरून सुमारे १२० देशांची १९७० पासूनची आकडेवारी तयार होते. ती पूर्वी जाडजूड छापील खंडांत निघत असे. २०१० मध्ये बँकेने आपले आकडे सर्वांसाठी खुले केल्यापासून ती सामान्य वाचकाच्या हाती आली. खरी मोलाची भर मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये पडली. त्याआधी कर्जदार देशाचे द्विपक्षीय कर्ज, म्हणजे इतर देशांच्या सरकारांकडून घेतलेले कर्ज, एका आकड्यात मिळे, पण त्यात जपानचे किती, चीनचे किती आणि भारताचे किती, हे सर्वसामान्य वापरकर्त्याला दिसत नसे. आता समोरच्या पक्षांच्या यादीत प्रत्येक धनको देशाचे नाव आहे, रोखेधारकांसाठी स्वतंत्र नोंद आहे आणि सर्वांची बेरीज हवी असल्यास 'वर्ल्ड' हा पर्याय आहे.

पहिली चाचणी मी नायजेरियावर घेतली, कारण ते प्रकरण आमच्या धंद्याच्या भाषेत सहज समजते. २००५ मध्ये नायजेरियावर पॅरिस क्लबच्या सदस्य सरकारांचे सुमारे ३,००० कोटी डॉलर देणे होते. पॅरिस क्लब म्हणजे धनको सरकारांचे अनौपचारिक मंडळ. १९५६ मध्ये अर्जेंटिनाच्या कर्जापासून त्याची सुरुवात झाली आणि फ्रान्सचे अर्थखाते त्याचे यजमानपद सांभाळते. नायजेरियाच्या देण्यात मूळ मुद्दलापेक्षा थकलेले व्याज आणि दंडव्याज यांचा डोंगर मोठा होता, असे त्या देशाचे नेते जाहीरपणे सांगत असत. तेलाचे भाव चढले होते, तिजोरीत पैसा होता, आणि तेव्हाच्या अर्थमंत्री एन्गोझी ओकोन्जो-इवेआला यांनी वाटाघाटी करून असा करार केला की नायजेरियाने आधी थकबाकी चुकती करावी, मग दोन टप्प्यांत सूट मिळावी आणि उरलेले कर्ज नायजेरियाने सवलतीच्या किमतीत परत विकत घ्यावे. सुमारे १,२०० कोटी डॉलर भरून १,८०० कोटी डॉलर माफ झाले आणि एप्रिल २००६ मध्ये खाते बंद झाले. ज्यांनी बँकेत काम केले आहे ते याला एका शब्दात ओळखतील: ओटीएस, म्हणजेच एकरकमी परतफेड योजना, जवळजवळ ६० टक्के सूट देऊन.

हेच सारे डेटाबेसमध्ये कसे दिसते? नायजेरिया निवडून द्विपक्षीय कर्जाची शिल्लक पाहिली तर २००४ पर्यंत उंच असलेली रेषा दोन वर्षांत दरीत कोसळते. एवढेच पाहणारा वाचक म्हणेल की श्रीमंत देशांनी नायजेरियाचे कर्ज सोडून दिले, आणि पुष्कळांनी तसे लिहिलेही आहे. शिल्लक का घटली हे समजण्यासाठी आणखी दोन मालिका शेजारी ठेवाव्या लागतात: मुद्दलाची परतफेड, आणि 'डेट फरगिव्हनेस ऑर रिडक्शन' या नावाची माफीची मालिका. माफीच्या मालिकेत रकमा उणे चिन्हाने येतात, त्यामुळे नवखा माणूस ती चूक समजून बाजूला ठेवण्याचा संभव आहे. वास्तविक ते उणे चिन्ह म्हणजे बोजा कमी केल्याची फेरफार-नोंद होय. तीन मालिका एकत्र आणल्यावर भरलेला पैसा आणि सोडलेला पैसा वेगळे होतात. या डेटाबेसचा हा सर्वांत मोठा गुण आहे आणि तो वापरायला शिकण्यात पहिला आठवडा गेला तर तो सत्कारणी लागला असे समजावे.

जे दिसत नाही ते धनकोच्या घरातले. विकास साहाय्याच्या हिशोबाचे नियम श्रीमंत देशांची ओईसीडी ही संघटना ठरवते, आणि त्या नियमांनुसार माफ केलेले कर्ज मदत म्हणून मोजता येत असे. २००५ मध्ये देणगीदार देशांची एकूण मदत १०,६८० कोटी डॉलर या तोवरच्या उच्चांकावर गेली. त्यातला मोठा वाटा इराक आणि नायजेरिया यांना दिलेल्या कर्जमाफीचा होता. इराकच्या पॅरिस क्लबकडील ३,८९० कोटी डॉलरपैकी ८० टक्के रक्कम टप्प्याटप्प्याने सोडण्याचे नोव्हेंबर २००४ मध्ये ठरले होते. जी रक्कम वर्षानुवर्षे वसूल होत नव्हती आणि होण्याची आशाही नव्हती, ती सोडल्याचे श्रेय नव्या मदतीइतकेच पदरात पडले. आमच्या बँकेत बुडीत खाते निर्लेखित केल्यावर शाखाधिकाऱ्याने तेवढी रक्कम दानधर्मात दाखवली असती तर लेखापरीक्षकाने त्याला त्याच दिवशी समोर बसवले असते. जागतिक बँकेचा डेटाबेस हा कर्जदाराच्या बाजूने लिहिलेला असल्यामुळे त्याला याबद्दल दोष देता येत नाही, पण वापरकर्त्याने ओईसीडीचे तक्तेही शेजारी उघडून ठेवावेत.

दुसरी चाचणी श्रीलंकेची, आणि येथे समोरच्या पक्षाच्या जागी मी भारत निवडला. आपण स्वतःला कर्जदार देश समजण्याची सवय लावून घेतली आहे. भारत सरकार हे धनकोही आहे, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही. २००३ च्या अर्थसंकल्पीय भाषणात जसवंत सिंह यांनी अतिकर्जबाजारी गरीब देशांकडील भारताचे येणे माफ करण्याची घोषणा केली होती आणि त्याच भाषणात छोट्या देणगीदार देशांची मदत यापुढे नको, असेही सांगितले होते. श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ रोजी परकीय कर्जाची परतफेड थांबवली, तेव्हा भारताने त्या वर्षात दिलेले एकूण साहाय्य सुमारे ४०० कोटी डॉलरच्या घरात गेले. त्यात इंधनासाठी एक्झिम बँकेमार्फत (सरकारी मालकीची निर्यात-आयात बँक) दिलेले कर्ज होते, अन्नधान्य आणि औषधांसाठी स्टेट बँकेने दिलेली १०० कोटी डॉलरची उचल-मर्यादा होती, रिझर्व्ह बँकेने केलेली ४० कोटी डॉलरची चलन-अदलाबदल होती आणि आशियाई क्लिअरिंग युनियन या मध्यवर्ती बँकांच्या आपसातील हिशोब मिटवण्याच्या व्यवस्थेतील देणी पुढे ढकलण्याचाही भाग होता.

आता हे ४०० कोटी तक्त्यात एका ओळीत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. सरकारचे कर्ज, सरकारी मालकीच्या बँकेचे कर्ज आणि दोन मध्यवर्ती बँकांमधले देणे या तीन वेगळ्या जाती आहेत, आणि तक्ता त्यांना वेगवेगळ्या ताटांत वाढतो. धनको देश दिसतो, पण त्या देशातील संस्था दिसत नाही. चीनच्या बाबतीत ही उणीव फारच जाणवते, कारण चिनी एक्झिम बँक आणि चायना डेव्हलपमेंट बँक यांपैकी सरकारी धनको कोणाला म्हणायचे आणि व्यापारी कोणाला, यावरच पुनर्गठनाच्या वाटाघाटी अडतात. श्रीलंकेच्या प्रकरणात भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखाली धनको देशांची समिती २०२३ मध्ये बसली. चीनने तिच्याबाहेर राहून वेगळी बोलणी केली. आणि २६ जून २०२४ रोजी समितीशी ५८० कोटी डॉलरचा आणि चिनी एक्झिम बँकेशी ४२० कोटी डॉलरचा करार झाल्याचे एकाच दिवशी जाहीर झाले. या करारांत मुख्यतः मुदतवाढ आणि व्याजदरातील कपात आहे. मुद्दल तसेच राहिले, म्हणून माफीच्या मालिकेत त्याचा मागमूस शोधायला जाऊ नये. पीककर्जाचे पुनर्गठन झालेल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा जसाच्या तसा राहतो, तसेच हे आहे. दिलासा हप्त्यांच्या भावी वेळापत्रकात असतो, आणि येत्या वर्षांत देय असलेल्या हप्त्यांची मालिका डेटाबेसमध्ये उपलब्ध आहे. तिकडे फारसे कोणी फिरकत नाही.

तिसरा अनुभव भारत-जपान जोडीचा, आणि तो मला सर्वांत उद्बोधक वाटला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानचे कर्ज ०.१ टक्के व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने आणि पहिली १५ वर्षे मुद्दलाचा हप्ता नाही अशा अटींवर आहे. दुसरीकडे झांबियाने २०१४ मध्ये ८.५ टक्के दराने १०० कोटी डॉलरचे रोखे विकले, आणि त्यांचा ४ कोटी २५ लाख डॉलरचा सहामाही व्याजाचा हप्ता नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला भरता आला नाही. शिल्लक कर्जाच्या रकान्यात या दोन्ही प्रकारच्या कर्जांचा एक डॉलर एका डॉलरइतकाच भरतो. वस्तुतः पहिल्यातला डॉलर आजच्या किमतीत कितीतरी हलका आहे. सरासरी व्याजदर आणि सवलतीचा अंश (कर्जाचा किती भाग अनुदानासारखा आहे ते) सांगणाऱ्या मालिका आहेत, परंतु त्या त्या वर्षी झालेल्या नव्या करारांपुरत्याच. साचलेल्या कर्जाचे वजन त्या सांगत नाहीत. शिवाय जपानचे कर्ज येनमध्ये असते आणि तक्ता डॉलरमध्ये. २०२२ मध्ये येन डॉलरच्या तुलनेत जोरात घसरला, त्यामुळे येनमधील तेच कर्ज वर्षअखेरच्या दराने डॉलरमध्ये मांडताना लहान दिसते. कोणी हप्ता भरला नाही, कोणी सूट दिली नाही, तरी आकडा खाली आला. ही बाब तळटीपांत सांगितलेली असते, पण तळटीप वाचणारे थोडे आणि आलेख शेअर करणारे फार.

वर म्हटल्याप्रमाणे सारी माहिती कर्जदार देश स्वतः देतात, आणि देणाऱ्याने झाकले तर घेणाऱ्याला दिसत नाही. मोझांबिकमध्ये २०१३ आणि २०१४ या वर्षांत टूना मासेमारीचा ताफा आणि सागरी सुरक्षा अशा कारणांसाठी तीन सरकारी कंपन्यांनी २०० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज काढले. त्यांतील ११० कोटींहून अधिक रकमेची सरकारी हमी देशाच्या संसदेलाही ठाऊक नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीलाही. एप्रिल २०१६ मध्ये प्रकरण फुटले, आणि अर्थसंकल्पासाठी थेट पैसे देणाऱ्या देणगीदार सरकारांनी हात आखडता घेतला. अशी कर्जे उघडकीस आल्यावरच मागील वर्षांच्या रकान्यांत भरता येतात. म्हणजे ज्या वर्षी सावध व्हायचे, त्या वर्षी तक्ता स्वच्छ होता.

कर्ज मुळात द्यायला हवे होते का, हा प्रश्न तर कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि त्यासाठी नॉर्वेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९७० च्या दशकात नॉर्वेच्या जहाजबांधणी कारखान्यांवर मंदीचे सावट आले, तेव्हा सरकारने १९७६ ते १९८० या काळात निर्यात मोहीम राबवून विकसनशील देशांना उधारीवर जहाजे विकली. मोहिमेचा हेतू आपल्या कामगारांच्या हाताला काम मिळवून देण्याचा होता. घेणाऱ्याला जहाजाची गरज किती आणि ते चालवून हप्ते फिटतील का, याची चौकशी धड झाली नाही. इक्वेडोरमध्ये केळी वाहून नेणाऱ्या कंपनीने जहाजे घेतली. कंपनी बुडाली आणि देणे सरकारच्या गळ्यात पडले. ऑक्टोबर २००६ मध्ये नॉर्वेने इक्वेडोर, इजिप्त, जमैका, पेरू आणि सिएरा लिओन या पाच देशांचे सुमारे ८ कोटी डॉलर एकतर्फी सोडून दिले, ही मोहीम विकासधोरण म्हणून फसली होती आणि त्या अपयशात धनको या नात्याने आपलाही वाटा आहे असे जाहीर केले, आणि ही रक्कम मदतीच्या खात्यात मोजली नाही. आपल्याकडे शेतकरी संघटनेने 'कर्जमाफी' हा शब्दच नाकारून 'कर्जमुक्ती' म्हणायला लावले, कारण माफी गुन्हेगाराला मिळते आणि शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, असे तिचे म्हणणे होते. नॉर्वेच्या या निर्णयालाही मुक्ती हाच शब्द शोभतो. डेटाबेसच्या मालिकेत मात्र नायजेरियाचा ओटीएस, इराकची राजकीय सूट आणि नॉर्वेची कबुली या तिन्हींना 'फरगिव्हनेस' हे एकच नाव आहे.

वापराच्या सोयीबद्दल थोडे. देश आणि धनको निवडणे सोपे आहे, पण मालिकांची नावे लांबलचक आणि एकमेकींसारखी आहेत, आणि परिभाषा समजून न घेता खुणा केल्या तर खासगी कर्ज आणि सरकारी हमीचे कर्ज यांची सरमिसळ होते. तेव्हा पारिभाषिक शब्दांची यादी आधी वाचावी. रकमा पूर्ण डॉलरमध्ये येत असल्याने शून्यांची रांग लागते. नऊ शून्ये म्हणजे शंभर कोटी, एवढे कागदावर लिहून ठेवले की काम भागते. आकडे शिळे असतात: एका वर्षअखेरची शिल्लक पुढच्या वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध होते. डिसेंबर २०२४ च्या अहवालाने सांगितले की २०२३ च्या शेवटी अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांवर एकूण ८.८ लाख कोटी डॉलरचे परकीय कर्ज होते आणि त्या वर्षात त्यांनी मुद्दल व व्याज मिळून १.४ लाख कोटी डॉलर भरले, त्यातले ४०,६०० कोटी नुसते व्याज. हे कळायला एक वर्ष लागले. ताज्या बातमीची शहानिशा करायची असल्यास हे साधन कामाचे नाही. त्यासाठी पॅरिस क्लबचे संकेतस्थळ अधिक बरे, जिथे देशानुसार प्रत्येक कराराची तारीख, अटी आणि रक्कम मिळते. मात्र भारत त्या क्लबचा स्थायी सदस्य नाही आणि चीनही नाही, म्हणून आजच्या धनकोंपैकी दोन मोठी नावे तिथल्या नोंदींत अपवादानेच भेटतात.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी चार देईन. एक गुण कापला तो धनको संस्थांची नावे आणि तारणाचा तपशील लोकांपुढे ठेवला जात नाही म्हणून; शिळेपणाबद्दल कापला नाही, कारण १२० देशांचे कागद गोळा करणे म्हणजे काय, याची कल्पना तालुक्याच्या सोसायट्यांकडून मार्चअखेरचे पत्रक मागवलेल्या कोणालाही येईल. अर्थशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार आणि परराष्ट्र धोरणावर लिहिणारे यांनी हा डेटाबेस जरूर वापरावा. फाइल उतरवून घेताना तिच्या नावात तारीख घालावी, कारण प्रत्येक नव्या आवृत्तीत जुन्या वर्षांचे आकडेही दुरुस्त होतात. माझ्या संगणकावर श्रीलंकेच्या दोन फाइली आहेत, वेगवेगळ्या डिसेंबरात घेतलेल्या, आणि मी त्यांतली जुनी पुसलेली नाही.